स्लाइडवरची पांढरी भोकं आणि पेशीतला चरबीचा थेंब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की प्रॅक्टिकलला लिव्हरच्या स्लाइडवर पेशींमध्ये गोल गोल पांढरी भोकं दिसली, सरांनी सांगितलं ही चरबी, पण पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत चरबीच्या नावाने एक बारका ठिपका आणि त्याखाली "साठा" एवढाच शब्द, मग हा थेंब म्हणजे पेशीत नुसतंच सांडलेलं तेल आहे का, तो वाईटच असतो का, आणि माणूस बारीक झाला की हे थेंब जातात कुठे. मी बरीच वर्षं हेच थेंब मायक्रोस्कोपखाली बघत आलेय आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आस्था आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, चालवून घ्या.

आधी ती भोकं. स्लाइडवर तुम्ही चरबी बघितलीच नाहीये, चरबी जिथे होती ती जागा बघितलीये. ऊतीचा तुकडा पॅराफिनमध्ये बसवायच्या आधी तो अल्कोहोलमधून आणि मग झायलिनमधून नेतात, आणि या दोन्हींत चरबी विरघळून जाते, म्हणजे ब्लॉक तयार होईपर्यंत थेंब धुतला गेलेला असतो आणि त्याच्या आकाराची पोकळी तेवढी उरते. खरी चरबी बघायची असेल तर तुकडा गोठवून क्रायोस्टॅटवर फ्रोजन सेक्शन कापायचा आणि ऑइल रेड ओ किंवा सुदान हा चरबी रंगवणारा रंग लावायचा, मग तीच भोकं लालभडक थेंब होऊन समोर येतात. ऑस्मियम टेट्रॉक्साइड लावलं तर काळी दिसतात. माझं प्रामाणिक मत आहे की या थेंबांकडे इतकी वर्षं दुर्लक्ष झालं त्यात या पॅराफिनचा मोठा वाटा आहे, कारण रोजच्या स्लाइडवर जे भोक म्हणूनच दिसतं त्याच्यात काही यंत्रणा असेल असं कुणाच्या मनात येणार?

आता थेंब आतून कसा असतो ते बघू. मध्ये गाभा, त्यात ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर, म्हणजे पाण्याशी अजिबात न जमणारी चरबी. भोवती फॉस्फोलिपिडचं पटल. पण इथेच खरी गंमत आहे, पेशीतली बाकी सगळी पटलं दुहेरी असतात कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं, थेंबाच्या मात्र आतल्या बाजूला तेल आहे, त्यामुळे त्याला एकच थर पुरतो, डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत तेलात. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, लायसोसोम, केंद्रक या सगळ्यांपेक्षा याची बांधणीच वेगळी. आणि याचा परिणाम फार दूरवर जातो, कारण पटलाच्या आरपार जाऊन दोन्हीकडे पाण्यात डोकं काढणारी नेहमीची प्रोटिन्स इथे बसूच शकत नाहीत, इथे फक्त तीच टिकतात जी केसाच्या पिनेसारखी आत जाऊन परत बाहेर वळतात किंवा ज्यांची एक बाजू तेलाला आणि दुसरी पाण्याला चालते अशी पट्टी पृष्ठभागावर आडवी पडून राहते. आकाराचं म्हणाल तर साध्या पेशीत मायक्रोमीटरपेक्षाही लहान आणि पांढऱ्या चरबीपेशीत १०० मायक्रोमीटरच्या घरात, एवढा फरक बाकी कुठल्या अंगकात मला तरी माहीत नाही.

थेंब जन्माला येतो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, पुढे नुसतं ईआर म्हणते. ईआरच्या पटलात डीजीएटी-१ आणि डीजीएटी-२ ही दोन एन्झाइम्स ट्रायग्लिसराइड बनवायची शेवटची पायरी करतात, आणि बनलेलं तेल बाहेर पाण्यात जाऊ शकत नाही म्हणून पटलाच्या दोन थरांच्या मध्येच साचतं. थोडं असेल तोवर ते तिथेच विरघळून फिरतं, पण पटलात अशी चरबी मावते ती जेमतेम काही टक्के, त्याच्या वर गेलं की ती वेगळी होऊन भिंगासारखी जमते, फुगते आणि पेशीद्रव्याच्या बाजूला थेंब होऊन उमलते. हे कुठे होणार ते सीपिन नावाचं प्रोटिन ठरवतं. माणसात त्याच्या ११ प्रती एकत्र येऊन एक रिंगण करतात, फळमाशीत १२, आणि २०१८ मध्ये या दोन्हींची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने दिसली तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या लोकांना काय आनंद झाला असेल ते सांगायला नको. सीपिन काढून टाकलं तरी तेल बनायचं थांबत नाही, पण थेंब बिघडतात, एकीकडे असंख्य बारीक कण आणि दुसरीकडे एखादा अवाढव्य थेंब. बरेच थेंब जन्मानंतरही ईआरशी पुलासारखे जोडलेले राहतात आणि त्या पुलावरून एन्झाइम्स थेंबावर उतरून तिथल्या तिथे नवी चरबी बनवतात. एवढी व्यवस्था असलेल्या गोष्टीला सांडलेलं तेल कसं म्हणणार सांगा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. लोक समजतात की पेशीला धोका थेंबातल्या चरबीचा. माझ्या अनुभवाप्रमाणे आणि पुराव्याप्रमाणेही धोका असतो तो जी चरबी थेंबात जाऊ शकली नाही तिचा. मोकळं फॅटी अ‍ॅसिड साबणासारखं वागतं, पटलं बिघडवतं, ईआरवर ताण आणतं, मायटोकॉन्ड्रियाला त्रास देतं, आणि त्यातून डायअसिलग्लिसरॉल, सिरॅमाइड असे पदार्थ तयार होतात जे इन्सुलिनच्या निरोपात अडथळे आणू शकतात. तेच फॅटी अ‍ॅसिड तीन-तीनच्या गटाने ग्लिसरॉलला बांधून ट्रायग्लिसराइड केलं की निरुपद्रवी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी शिकवताना दरवेळी सांगते: पेशींना पामिटिक अ‍ॅसिड दिलं तर त्या मरतात, ओलिक अ‍ॅसिड दिलं तर पोटभर थेंब करून मजेत जगतात, आणि दोन्ही एकत्र दिलं तर ओलिकच्या संगतीने पामिटिकसुद्धा ट्रायग्लिसराइडमध्ये जातं आणि पेशी वाचतात! म्हणजे ज्या पेशीत जास्त थेंब दिसतायत तीच जिवंत.

अजून एक गोष्ट, जी ऐकून विद्यार्थी हमखास थबकतात. पेशीला उपाशी ठेवलं तर थेंब कमी व्हायला हवेत ना? काही पेशींत चक्क वाढतात. उपासमारीत पेशी स्वतःचीच पटलं आणि अंगकं मोडून खाते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात, आणि त्या मोडतोडीतून फॅटी अ‍ॅसिड एकदम सुटतात. ती सगळी एकाच वेळी मायटोकॉन्ड्रियावर आदळली तर मायटोकॉन्ड्रियाच बिघडेल, म्हणून डीजीएटी-१ ती आधी थेंबात घालून ठेवतं आणि मग हळूहळू पुरवतं. २०१७ मध्ये हे दाखवलं गेलं, डीजीएटी-१ बंद केलं तर उपाशी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं काम खरंच ढासळतं. तेव्हा "साठा" हा शब्द चुकीचा नाहीये पण अपुरा आहे, भरपूर असताना ठेवून द्यायचं हे निम्मंच काम झालं, एकदम आलेला लोंढा अडवून बेताने सोडणं हे उरलेलं निम्मं.

माणसातला पुरावा हवा असेल तर तो फार बोलका आहे आणि थोडा हलवणारा पण आहे. जन्मापासून अंगावर जवळजवळ चरबीच नसलेली मुलं असतात, बेरार्डिनेली यांनी १९५४ मध्ये आणि साइप यांनी १९५९ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं, आणि सीपिन हे नाव त्या दुसऱ्या डॉक्टरांवरूनच पडलंय, कारण २००१ मध्ये या आजाराचं एक जनुक सापडलं ते नेमकं याच प्रोटिनचं निघालं. ही मुलं दिसायला पिळदार, स्नायू उठून दिसणारी, कुणीही म्हणेल तब्येत काय छान आहे. आत मात्र लिव्हर चरबीने भरलेलं, रक्तात ट्रायग्लिसराइड चढलेले, आणि बऱ्याच जणांना लहान किंवा तरुण वयातच डायबेटिस. चरबीपेशीला ठेवायला जमेना म्हणून चरबी नाहीशी होत नाही हो, ती जिथे जायला नको तिथे जाऊन बसते. उंदरांत हे उलट करूनही बघितलंय, चरबी नसलेल्या डायबेटिक उंदरात दुसऱ्या उंदराची चरबीची ऊती बसवली तर डायबेटिस सुधारला, २००० सालचं काम आहे ते. (यात लेप्टिन या हॉर्मोनचाही मोठा भाग आहे, ते चरबीपेशीतूनच येतं, आणि २०१४ पासून अमेरिकेत या रुग्णांना त्याचं औषध मंजूर आहे, पण तो वेगळा विषय.)

आता थेंब उघडतो कसा. चरबीपेशीतल्या थेंबावर पेरिलिपिन-१ नावाचं प्रोटिन पसरलेलं असतं. पेरिलिपिनचा शोध १९९१ चा, आणि ते नसलेले उंदीर बारीक असतात कारण त्यांच्या थेंबातून चरबी सतत गळत राहते. एरवी पेरिलिपिन सीजीआय-५८ नावाच्या एका छोट्या प्रोटिनला धरून ठेवतं. शरीराला ऊर्जा लागली की नॉरअ‍ॅड्रिनॅलिन येतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटिन कायनेज ए हे एन्झाइम पेरिलिपिनवर फॉस्फेट चढवतं, पेरिलिपिनची पकड सुटते, मोकळं झालेलं सीजीआय-५८ जाऊन एटीजीएल या एन्झाइमला मिळतं आणि एटीजीएल ट्रायग्लिसराइडचं पहिलं फॅटी अ‍ॅसिड तोडतं. दुसरं तोडतं एचएसएल हे एन्झाइम, तिसरं मोनोग्लिसराइड लायपेज. जेवण झालं, इन्सुलिन आलं की ही सगळी साखळी उलटी फिरते. जुन्या पुस्तकांत तुम्हाला एटीजीएल दिसणारच नाही, कारण कित्येक दशकं सगळे एचएसएललाच मुख्य समजत होते, पण एचएसएल काढलेले उंदीर लठ्ठ झालेच नाहीत आणि त्यांच्या पेशीत डायअसिलग्लिसरॉल, म्हणजे एक फॅटी ॲसिड तुटून दोन उरलेलं, साचलं, म्हणजे पहिली पायरी दुसरंच कुणीतरी करत होतं. ते "कुणीतरी" २००४ मध्ये सापडलं, ऑस्ट्रियात ग्राझला रुडॉल्फ झेक्नर यांच्या गटाला, आणि त्याच वर्षी आणखी दोन गटांनीही तेच प्रोटिन वेगवेगळ्या नावांनी मांडलं. न उघडणारा थेंबही वाईटच बरं का, एटीजीएल नसलेल्या उंदरांच्या हृदयात चरबी साचत जाते आणि ते लवकर मरतात.

हे पेरिलिपिन बघताना मी स्वतः सुरुवातीला दोन महिने घालवलेत ते इथे सांगून ठेवते, कदाचित तुमचे वाचतील. अँटिबॉडी आत जावी म्हणून मी नेहमीप्रमाणे ट्रायटन हा डिटर्जंट वापरत होते, आणि थेंबाभोवती जी सुबक कडी दिसायला हवी ती दिसतच नव्हती, मी समजले या पेशीत पेरिलिपिन नाहीच. डिटर्जंट म्हणजे चरबी आणि पटलाचा शत्रू, थेंबाचा तो एकेरी थर आणि त्यावरची प्रोटिन्स तोच धुवून नेत होता. सॅपोनिन या त्याहून सौम्य पदार्थावर आले आणि पहिल्याच दिवशी कड्या दिसल्या. मेथॅनॉलने फिक्स करणं पण टाळा, थेंब वितळून एकमेकांत मिसळतात आणि जे आकार दिसतात ते खोटे असतात.

परत तुमच्या लिव्हरच्या स्लाइडकडे. दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका. एक, पेशीत एकच मोठं भोक आणि केंद्रक ढकललं जाऊन कडेला चिकटलेलं, हे नेहमीच्या फॅटी लिव्हरमध्ये दिसतं. दुसरा, पेशीभर फेसासारखे बारीक थेंब आणि केंद्रक मध्येच, हा प्रकार जास्त गंभीर समजतात, गरोदरपणातल्या तीव्र फॅटी लिव्हरमध्ये किंवा राय सिंड्रोम या लहान मुलांच्या दुर्मिळ आजारात असा दिसतो आणि तिथे बहुतेकदा मूळ बिघाड मायटोकॉन्ड्रियाचा असतो. म्हणजे भोक मोठं तितका आजार मोठा असं अजिबात नाही. लिव्हरमधल्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत थेंब दिसले की स्टिअ‍ॅटोसिस म्हणतात. कुणाचं लिव्हर पुढे सुजतं आणि कुणाचं वर्षानुवर्षं तसंच राहतं यात थेंबावरच्या प्रोटिन्सचा हात आहे हे आता नक्की झालंय, २००८ मध्ये पीएनपीएलए-३ या जनुकातला एक बदल सापडला, १४८ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन, एवढ्याशा फरकाने ते प्रोटिन मोडलं न जाता थेंबावर साचतं आणि वर सांगितलेलं ते सीजीआय-५८ स्वतःकडे ओढून ठेवतं, मग एटीजीएलला काम करता येत नाही. आणि उलट, एचएसडी-१७बी-१३ हे पण थेंबावरचंच प्रोटिन, त्यातला काम बंद पाडणारा बदल ज्यांच्यात असतो त्यांना लिव्हरच्या जुनाट आजाराचा धोका कमी असतो, हे २०१८ चं. एकाच थेंबाच्या पृष्ठभागावरची दोन प्रोटिन्स, एकातला बदल नडतो आणि दुसऱ्यातला वाचवतो.

स्नायूंमध्ये तर अजून गोंधळात टाकणारं चित्र आहे. टाइप २ डायबेटिसच्या रुग्णांच्या स्नायूंत चरबी जास्त असते म्हणून ती दोषी ठरवली गेली, आणि मग २००१ मध्ये लांब पल्ल्याचा व्यायाम करणाऱ्या खेळाडूंचे स्नायू तपासले तर त्यांच्यातही तेवढीच किंबहुना जास्तच चरबी, आणि इन्सुलिन मात्र उत्तम चालतंय. याला खेळाडूंचा विरोधाभास म्हणतात. मला त्यात विरोधाभास वाटत नाही खरं तर. खेळाडूच्या स्नायूत थेंब लहान लहान, मायटोकॉन्ड्रियाला चिकटलेले, रोज भरतात रोज रिकामे होतात, पेरिलिपिन-५ त्यांना मायटोकॉन्ड्रियाशी बांधून ठेवतं. चरबी किती आहे हे मोजून काही कळत नाही, ती फिरती आहे की तुंबलेली हे बघावं लागतं.

थेंबाची इतर कामं पटकन सांगते नाहीतर हे संपायचंच नाही. तेलबियांतल्या पेशी ओलिओसिन नावाच्या प्रोटिनने थेंब झाकून ठेवतात म्हणून बी वाळलं तरी थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि अंकुराला फुटायला चरबी तयार असते. फळमाशीच्या अंड्यात हिस्टोन, म्हणजे डीएनए गुंडाळायची प्रोटिन्स, आगाऊ बनवून चक्क थेंबांवर लावून ठेवलेली असतात आणि तीच जंतू आले तर त्यांनाही मारतात. हिपॅटायटिस सी चा विषाणू तर आपलं कवच जुळवायला थेंबाचाच आधार घेतो.

राहिला शेवटचा प्रश्न, बारीक झाल्यावर थेंब जातात कुठे. पांढऱ्या चरबीपेशीत एकच मोठा थेंब असतो, तो पेशीचा बहुतेक सगळा भाग व्यापतो, आणि वजन कमी होताना पेशी मरत नाहीत, थेंब आक्रसतो. २००८ मध्ये एका फार हुशार पद्धतीने हे मोजलं गेलं, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती आहे त्यावरून त्यांचं वय काढलं, तर दिसलं की दरवर्षी साधारण १० टक्के चरबीपेशी जुन्या जाऊन नव्या येतात पण मोठ्या माणसात त्यांची एकूण संख्या जवळपास तेवढीच राहते, पोटाची शस्त्रक्रिया करून खूप वजन उतरवलेल्यांतसुद्धा. त्याच पद्धतीने २०११ मध्ये थेंबातल्या चरबीचंही वय काढलं, सरासरी १.६ वर्षं, म्हणजे एका चरबीपेशीच्या आयुष्यात आतली चरबी पाच-सहा वेळा पूर्ण बदलते. आणि सुटलेली फॅटी अ‍ॅसिड मायटोकॉन्ड्रियात जळतात तेव्हा त्यांचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, हिशोब केला तर १० किलो चरबीतली ८.४ किलो श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घामातून चरबी वितळून जाते असं जे म्हणतात ते विसरा.

तुमच्या कॉलेजमध्ये पेशी वाढवायची सोय आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर सरांना विचारून एक गोष्ट नक्की करून बघा. कुठल्याही लिव्हरच्या पेशी घ्या, अल्ब्युमिनला बांधलेलं ओलिक अ‍ॅसिड रात्रभर द्या, सकाळी बॉडिपाय ४९३/५०३ हा चरबीत शिरून हिरवा चमकणारा रंग टाका आणि फिक्स न करता जिवंतच बघा. एका बशीत नुसतं अल्ब्युमिन ठेवा तुलनेसाठी. हिरवे थेंब दिसतील, आणि दहा-पंधरा मिनिटं एकाच पेशीवर नजर ठेवलीत तर ते हलताना, एकमेकांजवळ येताना आणि परत लांब जाताना दिसतील. मग ओलिक काढून पेशींना एक दिवस उपाशी ठेवा आणि परत मोजा, आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा.